डोलीवाल्याचा खांदा

“मग मोडली कशी?”

उपासनी सरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला होता. गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे उजवी कॉलर बोन, त्यावर बसवलेली पोलादी प्लेट, तिचे आठ स्क्रू. आणि प्लेटच्या बरोबर मध्यावर एक बारीक काळी फट.

प्लेटचे दोन तुकडे झाले होते.

“माझं काही चुकलेलं नाही, सर,” मृणाल म्हणाली.

“चूक मी विचारलीच नाही. मोडली कशी, एवढंच विचारलं.”

डॉ. मृणाल वाळिंबे शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात खांद्याच्या शस्त्रक्रिया करायची. कॉलर बोन मोडली की वाळिंबे मॅडमकडे जा, असं त्या बाजूचे डॉक्टरच सांगायचे. दोनशेच्या वर प्लेटा तिने बसवल्या होत्या. एकही परत आली नव्हती.

ही पहिली.

ती तिच्याकडे परत आली असती तर गोष्ट वेगळी होती. पण पेशंट गेला तो थेट तिच्या गुरूंकडे. सत्त्याहत्तर वर्षांचे उपासनी सर निवृत्त झाल्यापासून या डोंगराच्या पायथ्याला राहत होते. वर देवीचं ठाणं, खाली गाव, आणि गावातल्या जुन्या धर्मशाळेत सरांचा दहा खाटांचा दवाखाना.

सरांनी फोनवर तिला दोनच वाक्यं सांगितली होती. “तुझा पेशंट माझ्याकडे आलाय. ये.”

ती आली होती ती तयारीनिशी. पिशवीतून तिने दुसरा एक्स-रे काढला, शस्त्रक्रियेच्या दिवशीचा.

“हा बघा सर. तीन तुकडे होते हाडाचे. जोड कुठे आहे, शोधून दाखवा.”

सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

“सुंदर आहे,” ते म्हणाले.

“हा मी परिषदेत दाखवला होता. लोकांना विश्वास बसेना.”

“हं...”

“म्हणजे प्लेटमध्येच काहीतरी खोट असणार. धातूत.”

सरांनी व्हरांड्याकडे तोंड करून हाक मारली, “केदू, आत ये रे.”

केदू बागुल आत आला. तिशीतला, काटक, काळासावळा. डावा तळवा उजव्या कॉलर बोनवर ठेवलेला, तान्ह्या बाळाच्या टाळूवर ठेवावा तसा. मृणालला बघून त्याने मान खाली घातली. जणू प्लेट त्याच्याच हातून मोडली होती.

“ताई, म्या काय केलं नाय,” तो म्हणाला. “बादली उचलली. टक्क करून आवाज झाला. तेवढंच.”

“कामधंदा काय तुझा?” सरांनी विचारलं. त्यांना तो ठाऊक होता, हे मृणालला कळलं. प्रश्न तिच्यासाठी होता.

“डोली, डाक्टरबाबा.”

मृणालने केसपेपर आठवला. व्यवसाय या रकान्यात मजुरी असं लिहिलेलं होतं. तिने तेवढंच वाचलं होतं.

“दाखव तिला.”

केदूने कोपऱ्यातला जाळ्या काढायचा बांबू घेतला आणि उजव्या खांद्यावर ठेवला. डोंगराला सातशे पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीत बसवून वर न्यायचं. एक लांब दांडा, मध्ये टांगलेली बसायची पाटी, पुढे एक माणूस, मागे एक. केदू पुढचा. त्याचा बापही पुढचाच होता.

बांबू जिथे टेकला होता तिथे बरोबर खाली प्लेट होती.

“मी तीन महिन्यांनी काय सांगितलं होतं तुला?” मृणालचा आवाज चढला.

“हलकं काम कर म्हनला होतात.”

“मग?”

“मंग मी हलकीच माणसं उचलली, ताई. म्हाताऱ्या बायका.”

मृणालला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. कारण सापडलं होतं, आणि ते तिच्या हातांत नव्हतं.

“बघा सर. दांड्याने मोडली.”

सरांनी केदूला बाहेर जायची खूण केली. तो गेल्यावर त्यांनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी काचेवर लावले.

“मृणाल, पोलाद रोज थोडं थोडं थकतं. श्वास घेतला तरी हा सांधा हलतो. दिवसाला हजारो वेळा. हाड जुळलं तर ओझं हाड उचलतं आणि प्लेट बसून राहते. हाड जुळलंच नाही, तर प्लेट आज ना उद्या मोडणारच. बादलीने मोडेल, नाहीतर कूस बदलताना मोडेल.”

“ते मला माहीत आहे, सर.”

“माहीत आहे ना? मग दांड्याला सोड. हाड का जुळलं नाही?”

तिची नजर काचेवरच्या जुन्या एक्स-रेवर गेली.

“इतका सुंदर जोड बसवायला,” सर हळू म्हणाले, “हाड किती सोललंस?”

तिला ती सकाळ आठवली. तीन तुकडे तीन दिशांना होते. त्यांच्यावरचं पातळ आवरण तिने पात्याने खरवडून काढलं होतं, सगळ्या बाजूंनी. तुकडे स्वच्छ झाले, शुभ्र झाले. मग ते एकमेकांत असे बसले की समोरच्या शिकाऊ डॉक्टरांनी माना डोलावल्या. चाळीस मिनिटांत काम झालं होतं.

“पूर्ण,” ती म्हणाली.

सरांनी एक्स-रे उतरवले आणि पाकिटात घातले.

“उद्या सकाळी घेऊ. करायचं तू. माझे हात आता थरथरतात. मी समोर उभा राहीन.”

सकाळी आठला केदूला भूल दिली.

मृणालने जुन्या व्रणावरून छेद घेतला. प्लेटचे दोन तुकडे ट्रेमध्ये पडले. तिने ते उचलून बघितले नाहीत.

हाडाची दोन टोकं समोर आली. मध्ये बोटभर पांढुरकी, चिवट गाठ. ती काढली. त्यातला तुकडा जंतू आहेत का ते बघायला पाठवून दिला. पुढे त्यात काही निघालं नाही. मग टोकं.

टोकं खडूसारखी होती. कोरडी आणि गुळगुळीत.

तिने हाड कुरतडायचा चिमटा घेतला आणि कड काढली. पांढरं. आणखी एक कड काढली. पांढरंच.

“सर, हाड आखूड होईल.”

“होऊ दे. कमरेतून घेऊन भरू. काढ.”

तिने काढलं. पांढरं. तिच्या कपाळाला घाम आला. आता कळत होतं. मेलेलं हाड होतं हे, आणि ते अपघाताने मेलेलं नव्हतं. ज्या आवरणातून त्याला रक्त मिळत होतं, ते तिने स्वतः काढलं होतं. परिषदेत पडद्यावर लावलेला तो शुभ्र, निर्दोष जोड... तेव्हाच त्यात जीव नव्हता.

“आणखी,” सर म्हणाले.

“सर...”

“आणखी थोडं.”

तिने दाताएवढी एक कपची काढली आणि थांबली.

पांढऱ्यावर एक ठिपका आला होता.

सुईच्या टोकाएवढा, लाल. ती बघत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा आला. मग दोन एकदम. मग कडेला एक. कोणी काही करत नव्हतं. हाड आपलं आपण आतून वर येत होतं, ठिपका ठिपका करत, पहाटे एकेका घरात दिवा लागावा तसं.

सवयीने तिचा हात रक्त ओढायच्या नळीकडे गेला. सरांनी नळीवर हात ठेवला.

“पुसू नकोस.”

ती थांबली.

“बघ.”

तिने हे आधी पाहिलं नव्हतं असं नाही. शेकडो वेळा हे तिच्या डोळ्यांपुढे झालं होतं. पण दर वेळी ते पुसायचं असायचं. रक्त म्हणजे मध्ये येणारी गोष्ट. ते ओढून घ्यायचं, म्हणजे हाड नीट दिसतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं की आपण हाड पाहतो आहोत.

मॉनिटरवर केदूची नाडी टिकटिकत होती. ठिपके त्याच ठेक्यावर भरत होते. ज्या वस्तूला ती इतकी वर्षं भोकं पाडत आली, स्क्रू मारत आली, मापत आली... ती वस्तू नव्हतीच.

समोर सरही बघत होते. या माणसाने हे किती हजार वेळा पाहिलं असेल. तरी मास्कच्या वरचे त्यांचे डोळे मोठे झाले होते.

भूल देणारे डॉक्टर उठून डोकावले. “काय झालं? थांबलात का?”

“काही नाही,” सर म्हणाले. “भेट चाललीय.”

दुसऱ्या टोकालाही तसंच करावं लागलं. तिथे ठिपके यायला वेळ लागला. त्या वेळात मृणालने श्वास धरला होता, हे तिला नंतर कळलं.

पुढचं काम दोन तास चाललं. कमरेच्या हाडातून मऊ, तांबडा चुरा काढून तिने मधल्या फटीत भरला. नवी प्लेट हाडाच्या वरच्या अंगाला न लावता पुढच्या अंगाला लावली, दांडा टेकतो ती जागा सोडून. प्लेट घट्ट बसावी म्हणून तिने पात्याने बाजूचं आवरण उचलायला घेतलं. सरांचं बोट मध्ये आलं. थरथरणारं, पण हटलं नाही.

“राहू दे झाकलेलं.”

“प्लेट नीट टेकत नाही, सर. थोडी वर राहते.”

“राहू दे.”

“फोटो चांगला येणार नाही.”

“कुणाला दाखवायचाय?”

तिने पातं खाली ठेवलं.

फोटो खरंच चांगला आला नाही. प्लेट किंचित तिरपी, मध्ये चुऱ्याचा ढीग. एखाद्या नवशिक्याचा वाटावा असा. तिने तो मोबाइलमध्ये घेतला आणि कुणालाही पाठवला नाही.

त्यानंतर दर तिसऱ्या रविवारी मृणाल गाडी काढून डोंगराच्या पायथ्याला येऊ लागली. यायची गरज नव्हती. सर बघू शकले असते.

तिसऱ्या आठवड्यात काही दिसलं नाही. सहाव्या आठवड्यातही नाही. केदू झोळीत हात अडकवून व्हरांड्यात बसायचा, डावा तळवा उजव्या हाडावर. झोळी सुटली तरी तळवा सुटला नाही. जेवताना तो आधी हात काढायचा आणि मग जेवायचा. झोपतानाही तिथेच ठेवायचा, असं त्याची बायको म्हणाली.

“रातीला उठून चाचपतो, ताई. हाय का नाय बघतो.”

मृणालला त्या वाक्यापुरता राग आला आणि मग लाज वाटली. तीही शहरात तेच करत होती. उठल्यावर पहिला विचार त्या फटीचा यायचा.

“सर, काही औषध देऊ या का? काहीतरी करू या.”

“जेवतोय ना तो? बिडी सोडलीय?”

“हो.”

“मग त्याला त्याचं काम करू दे.”

“कुणाला? केदूला?”

सर चहा प्यायले.

नवव्या आठवड्यात एक्स-रेवर धुकं आलं.

दुसरा शब्द तिला सुचला नाही. दोन्ही टोकांभोवती फिकट, कडा नसलेलं असं काहीतरी उतरलं होतं. हाड म्हणावं तर ते हाड नव्हतं. पुसून जाईल असं वाटत होतं. तिने काच पुसून पाहिली.

बाराव्या आठवड्यात ते दाट झालं. डावीकडचं उजवीकडे सरकलं होतं, उजवीकडचं डावीकडे. एकमेकांना न बघता, अंधारात, मांसाच्या आत, ती दोन टोकं नेमकी एकमेकांच्या दिशेने येत होती. एकही वाट चुकली नव्हती.

ती खुर्चीत बसली. मग पुन्हा उठून काचेपाशी गेली.

“याला सांगतं कोण, सर? कुठे जायचं ते?”

सरांनी चष्मा काढला, पंच्याने पुसला, पुन्हा घातला आणि तिच्या शेजारी उभे राहून तेही बघत बसले.

अठराव्या आठवड्यात पूल पूर्ण झाला. जिथे फट होती तिथे आता जाड, ओबडधोबड, पांढरं हाड होतं. बाकीच्या हाडापेक्षाही जाड.

“जोडलं,” मृणाल म्हणाली.

“फोटोत,” सर म्हणाले.

आणखी दोन महिने त्यांनी केदूला ओझं उचलू दिलं नाही. आधी रिकामी घागर, मग अर्धी, मग भरलेली. मग रिकामी डोली. केदू सांगितलेलं सगळं करायचा. पण माणूस बसवा म्हटलं की मागे सरायचा.

“नाय डाक्टरबाबा. एका अंगाला दरी हाय. माझं काय बी होऊ दे, पन डोलीत म्हातारं मानूस आसतं. टक्क झालं तर?”

डोलीच्या पुढच्या टोकाची बापाची जागा भावकीतल्या दुसऱ्या कुणीतरी धरली होती. केदू पायथ्याला नारळाच्या टोपल्या उतरवायचा. वर्ष होत आलं होतं.

एका रविवारी सकाळी मृणाल आली तेव्हा दवाखान्यासमोर डोली उभी होती. दांड्याच्या मागच्या टोकाशी केदूचा मेहुणा लहानू उभा, पुढे केदू, चेहरा उतरलेला. सर काठी घेऊन पायरीवर.

“मी बसतो म्हटलं तर नको म्हणतोय,” सर म्हणाले.

“तुमी लई हलके, डाक्टरबाबा,” केदू म्हणाला. “तुमाला उचलून काय कळनार?” त्याने मृणालकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. “ताई बसल्या तर उचलतो.”

मृणालला क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं, आणि ती एक पाऊल मागे सरली.

माणसाच्या खांद्यावर बसून जायचं तिला नको होतं. ते तिने सांगितलंही. पण खरं कारण ते नव्हतं, आणि हे तिथे उभ्या असलेल्या चौघांनाही कळत होतं.

“पहिल्या टप्प्यापर्यंत,” सर म्हणाले. “शंभर पायऱ्या.”

“आणि तुम्ही?”

“मी येतो मागून.”

ती बसली. पाटी हलली. केदूने दांड्याखाली उजवा खांदा घातला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि उठला.

जमीन खाली गेली.

तिच्यापुढे हातभरावर केदूची पाठ होती आणि उजवा खांदा. सदऱ्याच्या गळ्यातून व्रणाचं टोक दिसत होतं. दांडा खांद्यावर दबला की कातडी ताणायची, सुटला की सैल व्हायची. तिच्या बासष्ट किलोंतलं अर्धं वजन त्या बोटभर जाडीच्या हाडावरून जात होतं. ते हाड तिने मारलं होतं. त्यातून वर आलेले ठिपके तिने मोजले होते. ते धुक्यासारखं असताना ते पुसून जाईल म्हणून ती घाबरली होती.

डाव्या हाताला दरी आली. खाली पिठाच्या गिरणीचा पत्रा चमकत होता.

तिने दोन्ही हातांनी दोर धरला. दहा पायऱ्या. वीस. प्रत्येक पायरीला ती टक्क आवाज होतो का ते ऐकत होती. बादलीपाशी झाला होता तो. केदूच्या मानेवरून घाम उतरत होता, आणि तोही तेच ऐकत होता.

चाळीस. पन्नास. लहानू मागून म्हणाला, “पालटू का दाजी?” दोघांनी चालता चालता दांडा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. पुन्हा वीस पायऱ्यांनी उलटा. केदूची पावलं आता सारख्या अंतराने पडत होती. श्वास लागत होता, पण तो चढाचा. त्याने वरून उतरणाऱ्या कुणाला तरी हाक मारली, काय खबर विचारली, आणि त्या माणसाने उत्तर दिलं ते ऐकून हसला.

मृणालच्या हातातला दोर केव्हा सुटला ते तिला कळलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. आपल्याला कोणीतरी उचललंय, आणि ते आपण केलेलं नाही... एवढंच तिला वाटत होतं, आणि ते फार मोठं वाटत होतं.

टप्पा आला. डोली टेकली. ती उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने काठी टेकत सर आले आणि दगडावर बसले. टप्प्यावर ताक विकणारी सोनाबाई नावाची एक म्हातारी होती. तिने सरांच्या हातात पेला दिला, मृणालला दिला, मग केदूकडे वळली. त्याला तिने वर्षभर डोलीखाली पाहिलं नव्हतं.

“आलास का रं बाबा? कोनता खांदा मोडला व्हता म्हनं तुजा?”

केदूने दोन्ही हातांनी पेला धरला होता. त्याने एक हात सोडला आणि डाव्या खांद्यावर ठेवला.

“ह्यो,” तो म्हणाला.

मग तो थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. हात उचलून उजव्या खांद्यावर नेला, सदऱ्याच्या आत घातला, चाचपलं.

“नाय... ह्यो. ह्यो, ह्यो.”

लहानू हसला. सोनाबाई हसली. केदू स्वतःच हसला आणि उरलेलं ताक एका घोटात पिऊन टाकलं.

मृणाल हसली नाही. तिने वळून सरांकडे बघितलं.

सरांनी पेला दगडावर ठेवला.

“आता जोडलं,” ते म्हणाले.